कमी किरणांचा हट्ट

रेहाना, तुझा चाळिसावा अजून व्हायचा आहे आणि मी तू घातलेली शपथ मोडून बसले आहे. माझ्या मते मोडलेली नाही. तू म्हणाली होतीस, "मेरे जीते जी नहीं, वसू." मी वकिलाची मुलगी. शब्दाचा अर्थ शब्दाएवढाच घ्यायचा, हे आमच्या घरात लहानपणीच शिकवतात. तुझ्या जीते जी मी तोंड उघडलं नाही. आता उघडलं. काय झालं ते तुला सांगायला हवं, कारण तू असतीस तर पहिली शिवी तूच दिली असतीस, आणि मला ती ऐकून घ्यायची होती.

सलीमचा फोन आला तेव्हा मी अमरावतीत माझ्या दवाखान्यात पेशंट तपासत होते. तुझा भाऊ कधी मला दिवसा फोन करत नाही. "वसूताई, आपा धारणीला जाऊन राहिली होती," एवढंच तो बोलला आणि थांबला. मग दुसऱ्या कोणीतरी फोन घेऊन सांगितलं की अकोटच्या पुढं घाटात जीप उलटली. दर आठवड्याला तू त्याच रस्त्यानं गरोदर बायकांची सोनोग्राफी करायला जायचीस. हृदयाचा स्कॅन वाचणारी वऱ्हाडातली सगळ्यात हुशार बाई त्या रस्त्यावरून धारणीला का जात होती, हे मला ठाऊक होतं. कोणामुळे, हेही ठाऊक होतं. रडू नंतर आलं. आधी त्या माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

त्यांचं नाव मी इथं लिहिणार नाही. तू त्यांना 'साहेब' म्हणायचीस, मीही तेच म्हणते. अकोल्यातल्या ज्या केंद्रात तू नोकरी केलीस त्याचे मालक, स्वतःही रेडिओलॉजिस्ट. बोलायला गोड. तुझ्या निधनावर त्यांनी वर्तमानपत्रात चार ओळी दिल्या. 'आमच्या संस्थेची गुणी विद्यार्थिनी' असं तुला म्हटलं. विद्यार्थिनी. मी तो पेपर दुपारपर्यंत टेबलावरून हलवला नाही, राग थंड होऊ नये म्हणून.

ती वर्षं आठवतात ना तुला? बाहेरगावचे पत्रकार कॅमेरे घेऊन वऱ्हाडात यायचे, कापसाच्या गावांमधून फिरायचे आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे आकडे घेऊन परत जायचे. त्या आकड्यांत न बसणारी माणसं माझ्याकडे यायची. छाती भरून येते, धडधड होते, जेवण जात नाही. बायका अधिक. त्यांतल्या कोणाच्या हृदयाच्या नळीत खरंच अडथळा आहे आणि कोणाच्या छातीवर नुसती काळजी बसली आहे, हे कार्डिओग्रामवरून प्रत्येक वेळी कळायचं नाही. नागपूर गाठून मांडीतून तार घालून तपासणी करायची म्हटलं तर अर्धे लोक दारातूनच परत फिरायचे. अशात साहेबांनी अकोल्यात हृदयाचा सीटी स्कॅन करणारं मशीन आणलं. हातात इंजेक्शन द्यायचं, श्वास रोखून धरायला सांगायचं, की नळ्या दिसल्या. आपण दोघी नागपूरला होस्टेलच्या एका खोलीत राहिलेल्या. तू त्या मशीनवर आहेस म्हटल्यावर मी निर्धास्त झाले आणि पेशंट पाठवू लागले.

मग एके दिवशी तू फोन केलास. आवाज दबलेला होता.

"वसू, तू पाठवलेली पातूरची बाई टेबलावर आहे. तिशीची पण नाही. बाहेर तिची पोरगी रडून राहिली, अंगावर पिते अजून. या स्कॅनमध्ये छातीवर किती किरणं पडतात, तुले मालूम आहे?"

मला मालूम नव्हतं. तू सांगितलंस, छातीच्या शेकडो एक्स-रेंइतकी. आणि पुढं म्हणालीस, "तिच्या हृदयात काही नाही निघालं तर हे मी तिले फुकट देऊन पाठवीन. वीस वर्षांनी तिथं गाठ आली, तर तिले कोण सांगणार ती कुठून आली?"

त्या दिवसापासून तुझ्या मागे ते वेड लागलं. मला तू इतकं सोपं करून सांगितलं होतंस की आजही मी पेशंटला तेच सांगते. हृदय सतत हलतं, पण दोन ठोक्यांच्या मध्ये क्षणभर निवांत असतं. कंपनीनं शिकवलेल्या पद्धतीत किरण पूर्ण वेळ चालू राहायचा आणि त्यातला निवांत क्षणाचा फोटो नंतर निवडून घ्यायचा. बाकीचा सगळा मारा वाया. तुझं म्हणणं होतं, किरण फक्त त्या क्षणीच सोडायचा. मशीनला ते येत होतं, कोणी वापरत नव्हतं. दुसरं, मशीन बनलं होतं भरल्या अंगाच्या माणसांच्या देशात. आपल्याकडची माणसं काटकुळी. त्यांना तेवढं व्होल्टेज लागतच नव्हतं. तू ते उतरवलंस आणि तुला जे दिसलं ते सांगायला तू बस पकडून थेट अमरावतीला आलीस. व्होल्टेज उतरवलं की नळीतलं औषध उलट जास्त चमकतं. फोटो थोडा दाणेदार येतो, नळी मात्र उजळ. "दाणे दिसले तं दिसू दे ना. आपल्याले दाणे पाहायचे आहेत का नळी?" हे तू माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या आईसमोर, हातात कपबशी घेऊन बोलत होतीस, आणि आईला वाटलं तुझं लग्न ठरलं.

अडचण एकच होती. ठोका संथ असल्याशिवाय ही पद्धत चालत नाही. नाडी पळत असली की तो निवांत क्षण उरतच नाही. म्हणून पेशंटला गोळी द्यायची आणि बसवून ठेवायचं. गोळीपेक्षा तुझं बसणं जास्त काम करायचं. एकदा मी तिथं आले होते तेव्हा तू एका म्हाताऱ्याचा हात हातात घेऊन बाकावर बसली होतीस. "काहून घाबरून राहिले चाचा? मशीन काही खात नाही. घरी कोण कोण आहे, सांगा बरं." तो सुनेची तक्रार सांगत होता, तू नाडी मोजत होतीस. साहेब काचेच्या दारामागून घड्याळ बघत होते. त्यांची रांग खोळंबायची. जुन्या पद्धतीत नाडी कशीही असली तरी भागायचं. माणूस आत ढकलायचा, बाहेर काढायचा.

ते तुझ्या विरोधात गेले ते मात्र रांगेमुळे नव्हे. मी त्या दुपारी तिथं होते. तू दोन फोटो शेजारी शेजारी लावलेस, एक जुन्या पद्धतीचा, एक तुझा. आधी मला विचारलंस, कुठला जास्त किरणांचा? मी चुकले, तू हसलीस, आपलं नेहमीचंच. मग साहेब आले. प्रमोद, तुझा टेक्निशियन, तिथंच उभा होता, दोन नर्सही होत्या. साहेबांनी चष्मा वर केला, दोन्ही फोटो पाहिले आणि तुझ्या फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "याला म्हणतात फोटो. हीच आपली जुनी पद्धत राहू द्या. कमी किरणांचं हे दुसरं मला पटत नाही." तू म्हणालीस, "सर, हाच कमी किरणांचा आहे." नर्स हसल्या. प्रमोदनं मान खाली घातली. साहेबही हसले. त्यांचे डोळे मी पाहिले, तू तुझ्या आनंदात होतीस.

त्यानंतर त्यांनी तुला परवानगी दिली. बरेच महिने सगळं सुरळीत होतं. ते संधीची वाट बघत होते, असं मी तुला म्हटलं की तू मला शंकेखोर ठरवायचीस.

संधी मिळाली ती माझ्या वडिलांच्या तेरवीच्या दिवशी. तू रजा टाकून आदल्या दिवशीच आली होतीस. आईच्या खोलीत तिच्याशेजारी चटईवर झोपलीस. दुसऱ्या दिवशी पंगती वाढल्यास, सगळे उठल्यावर जेवलीस, आणि आई बोलत नव्हती म्हणून तिच्या पाठीवर हात ठेवून संध्याकाळपर्यंत तशीच बसून राहिलीस. ते मी विसरलेले नाही. त्याच दिवशी मोर्शीचे गुलाबराव, ज्यांची संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे ते, अकोल्याला स्कॅनला गेले. मीच त्यांना त्या आठवड्यात जायला सांगितलं होतं. तिकडे साहेबांनी त्यांना जुन्या पद्धतीनं, भरपूर किरणांनी, पळत्या नाडीवर आत घेतलं आणि बाहेर काढलं. उजव्या बाजूची नळी फोटोत हलली होती. रिपोर्ट आला, सगळं नॉर्मल. थोड्याच दिवसांत गुलाबरावांना झटका आला. नागपूरला नेलं, वाचले.

मग डॉक्टरांची ती सभा. अमरावती-अकोल्याचे झाडून सगळे आले होते. साहेब उभे राहिले आणि दुःखी चेहऱ्यानं म्हणाले, "आमच्या एका सहकारी डॉक्टरच्या कमी किरणांच्या हट्टापायी एका पेशंटचं ब्लॉकेज दिसलं नाही. चूक आमची आहे, मी संस्थेच्या वतीनं माफी मागतो." तुझं नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती, सगळ्या माना तुझ्याकडे वळल्या. मी उठायला लागले तर तू टेबलाखालून माझं मनगट असं धरलंस की तुझ्या बोटांचे वळ उठले.

बाहेर चहाच्या टपरीवर आपण भांडलो ते आजपर्यंत संपलेलं नाही.

"तू त्या दिवशी माझ्या घरी होतीस," मी म्हटलं. "पंगतीतले शंभर लोक साक्षीला आहेत. तो स्कॅन तुझ्या पद्धतीचा नव्हताच. आत्ता आत जाऊन सांगते."

"आणि मंग? मंग थे म्हणतील खोटं, मी म्हणीन खरं. लोकांच्या डोक्यात राहील एकच, कमी किरणांत काहीतरी झोल आहे. मंग वऱ्हाडात दहा वर्षं कोणी हात लावणार नाही त्याले."

"आणि तुझं काय?"

"माझं काय. मी सोनोग्राफी करीन. मले ते पण येते."

"रेहाना, तो माणूस खोटं बोलला."

"बोलला. त्याच्या खोट्यानं मी नोकरीतून जाईन. आपल्या भांडणानं पद्धत जाईल. मेरे जीते जी नहीं, वसू. कसम दे."

मी दिली. चहा तसाच टाकून आले.

तू नोकरी सोडलीस. अकोल्यात कोणी घेईना, सगळ्यांनी साहेबांचं ऐकलेलं. मग मोर्शी, मग धारणी. तू तक्रार केली नाहीस. धारणीहून फोन करून सांगायचीस, आज जुळं निघालं, आज रस्त्यात अस्वल दिसलं. मी मनात साहेबांना शिव्या देत ऐकायची.

काही वर्षांनी वारं फिरलं. मोठ्या शहरांतल्या परिषदांमध्ये कमी किरणांचीच चर्चा सुरू झाली. आणि एके दिवशी पेपरात साहेबांचा फोटो, कोट घालून, मशीनशेजारी. 'कमी किरणांत हृदयाचा सुस्पष्ट स्कॅन, वऱ्हाडात प्रथमच.' मी तडक अकोल्याला तुझ्या घरी आले. अम्मी चुलीपाशी होत्या, तू कणिक मळत होतीस. मी पेपर तुझ्यापुढं टाकला. तू हात न धुता म्हणालीस, "मालूम आहे. मीच लावून दिलं त्यांले सगळं."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"त्यांनी बोलावलं. प्रमोदले आठवत नव्हतं बरोबर. मी गेली दोन रविवार, सगळं बसवून दिलं. गोळी किती, बसवायचं किती वेळ, बारीक माणसाले व्होल्टेज किती."

"आणि नाव?"

"नावाचं काय लोणचं घालू? पातूरच्या त्या बाईसारखी एखादी आज तिथं टेबलावर असन, वसू. तिले माझं नाव मालूम असून काय फायदा? तिच्यावर कमी पडते, खतम."

मी तुला काय काय बोलले. बुळी म्हटलं. तू साहेबांना माफ केलंस म्हणून मी तुला माफ करणार नाही, असंही म्हटलं. अम्मी मध्ये पडल्या, "लडो मत, पहले खाना खाओ." आपण जेवलो. तू माझ्या ताटात दालचा वाढत म्हणालीस, "तुझा राग तुझ्यापाशी ठेव. मले कामाचा नाही." ठेवला, रेहाना. जपून ठेवला.

तू गेलीस आणि डॉक्टरांच्या संघटनेनं अकोल्यात शोकसभा ठेवली. अध्यक्ष साहेब. हे कळल्यावर मी मोर्शीला गेले. गुलाबराव वाफ्यांत कलमं बांधत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांना एवढंच माहीत होतं की रिपोर्ट चुकला होता. तो चुकीचा स्कॅन तुझ्या नावावर खपवला गेला, हे त्यांनी पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी हातातली सुतळी खाली ठेवली.

"मले त थे म्हनले होते, मॅडमच हायेत आत," ते म्हणाले. "आत गेलो त कोणी बाई नाही. मी इचारलं, त म्हनले झोपा, टाइम नाही. कधी आहे थे सभा?"

सभेआधी मी साहेबांना त्यांच्या खोलीत भेटले. घरातून निघताना वडिलांचा आवाज माझ्या कानात होता, समोरच्याला एक संधी द्यायची, मग सोडायचं नाही. मी म्हटलं, "गुलाबराव बाहेर बसले आहेत. तुम्ही व्यासपीठावरून स्वतः सांगा की तो स्कॅन रेहानाचा नव्हता. नाहीतर ते सांगतील."

त्यांनी मला बसायला सांगितलं. पाणी मागवलं. म्हणाले, "वसुधाताई, गेलेल्या माणसासाठी जिवंत माणसाची बदनामी करून काय साधणार आहे?"

"ती जिवंत असताना तुम्ही तिची केलीत. त्यात काय साधलं?"

"तेव्हा संस्था नवीन होती. डोक्यावर केस आली असती. मला कोणाचं तरी..." ते थांबले. मग म्हणाले, "तिनं कधी तक्रार केली नाही."

"म्हणून मी आले आहे."

साहेब व्यासपीठावर गेले आणि सुंदर बोलले. तुझा सेवाभाव, आदिवासी भागातलं काम, 'संस्थेनं विकसित केलेल्या पद्धतीत' तुझा खारीचा वाटा. खारीचा, रेहाना. त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. फुलं वाहायला माणसं उठू लागली तेव्हा मागच्या रांगेतून गुलाबराव उभे राहिले. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात पिशवी. माइक नव्हता, त्यांना लागलाही नाही.

"मी मोर्शीचा गुलाबराव. ज्याचं ब्लॉकेज दिसलं नाही थो मीच."

माणसं जागच्या जागी थांबली.

"तुमी सगळ्यायनं ऐकलं होतं म्हने, का या मॅडमच्या हट्टापायी माह्यावर पाळी आली. ह्या बाईले मी जल्मात पाह्यलं नाही. त्या दिवशी त्या इथं नव्हत्याच. आत हे साहेब होते. माही छाती धडधड करून राहिली होती, मी म्हनलं जरा बसू द्या. म्हनले, टाइम नाही, झोपा. साहेब, मी खोटं बोलत असन त सांगा."

गुलाबराव बसले नाहीत. ते उभेच राहिले, पिशवी दोन्ही हातांनी धरून. साहेब माइकपाशी होते. त्यांनी घसा साफ केला. पातूरचा एक तरुण डॉक्टर पुढच्या रांगेतून शांतपणे म्हणाला, "सर, उत्तर द्या." आणि मग दुसरा कोणीतरी तेच म्हणाला. मी खुर्चीत मागे टेकून बसले. मला ते दृश्य बघायचं होतं.

साहेब म्हणाले, "त्या दिवशी डॉक्टर रेहाना रजेवर होत्या. तो स्कॅन त्यांच्या पद्धतीनं झालेला नव्हता. मी केला होता."

एवढंच. अम्मी सलीमशेजारी बसल्या होत्या. मराठीतलं ते भाषण त्यांना नीट समजलं नसावं. त्यांनी सलीमला विचारलं, "क्या बोले?" सलीमनं सांगितलं, "बोले, उस दिन आपा छुट्टी पे थी. गलती उनकी खुद की थी." अम्मींनी ओढणी सारखी केली. "वो तो अपने को पहलेच मालूम था," त्या म्हणाल्या, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात.

मला आनंद झाला, रेहाना. तुझ्या शोकसभेत, तुझ्या फोटोसमोर, मला चांगला भरभरून आनंद झाला आणि त्याची लाज वाटली नाही. साहेब मागच्या दारानं गेले. प्रमोद माझ्याजवळ येऊन रडला. घरी येताना मूर्तिजापूरच्या पुढं मी गाडी बाजूला घेतली आणि मग मीही रडले, कारण हे सांगायला फोन लावावा तो तुलाच.

तुझं म्हणणं पूर्ण चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. एक जण म्हणाला, आता तिथं पेशंटच पाठवायचे नाहीत. मला तेच हवं होतं. ते केंद्र ओस पडावं, काचेच्या दारामागे साहेब एकटे बसावेत, हे मी कित्येक वर्षं मनात रंगवलं होतं. मी हो म्हणणार होते. तेवढ्यात माझ्या दवाखान्यात मोर्शीच्या बाजारात संत्री निवडणारी शकुंतलाबाई आली. वय चाळिशीच्या आत, किडकिडीत, छातीत कळ, कार्डिओग्राम संशयास्पद. तिचा स्कॅन करायलाच हवा होता. दुसरीकडे कुठं पाठवू? तू बसवलेली व्यवस्था त्याच मशीनवर आहे. तू शिकवलेला प्रमोद तिथंच आहे. इतर ठिकाणी अजून जुन्या पद्धतीनं भरभरून किरणं टाकतात. तिला अशा दुसऱ्या ठिकाणी पाठवायचं तर फक्त साहेबांवरच्या रागापायी पाठवायचं. त्या वेळी तू टेबलाखालून माझं मनगट पुन्हा धरलंस.

मी तिला साहेबांकडेच पाठवलं. पण जाताना बजावलं. "शकुंतलाबाई, तिथं गेल्यावर टेबलावर झोपायच्या आधी विचारायचं, रेहाना मॅडमच्या पद्धतीनं करणार का? हो म्हणाले तरच झोपायचं." तिनं तुझं नाव दोनदा म्हणून पाठ केलं. मग मी पातूरच्या त्या डॉक्टरला फोन लावला, मग अकोटच्या, मग ज्यांनी त्या जुन्या सभेत तुझ्याकडे माना वळवल्या होत्या त्या सगळ्यांना. पाठवा, म्हटलं, पण प्रत्येक पेशंटनं हा प्रश्न विचारला पाहिजे. बहुतेकांनी कबूल केलं. काहींना आपली मान वळल्याचं आठवत होतं.

गेल्या आठवड्यात साहेबांचा मला फोन आला. आवाज तोच गोड. "वसुधाताई, प्रत्येक पेशंट येऊन तेच विचारतो. स्टाफला त्रास होतो. हे किती दिवस चालणार?" मी म्हटलं, "तुमचं मशीन किती दिवस चालणार?" त्यांनी फोन ठेवला. तू याला सूड म्हणशील. सूडच आहे. तू असतीस तर मला हे करू दिलं नसतंस, आणि म्हणून तर तू नसण्याचा मला इतका राग येतो.

शकुंतलाबाई काल रिपोर्ट दाखवायला आली. नळ्या स्वच्छ आहेत. किरणं अगदी थोडी लागली. मी तिला विचारलं, प्रश्न विचारला होता का?

"इचारला ना. थो पोरगा हो म्हनला, पण मी म्हनलं, मोठ्या डाक्टरले बोलवा. मंग थे चष्मेवाले आले. मी पुन्हा इचारलं."

"मग?"

"खाली पाहून राहिले. मंग म्हनले, हो बाई, रेहाना मॅडमच्याच पद्धतीनं. मंग झोपली मी."